धुरीबाई घोरत नाहीत

मुलुंड पूर्वेच्या एका मराठी शाळेत जानकी धुरी गणित शिकवत. शिकवत म्हणजे फळ्यावर गणित मांडत, आणि ज्याला ते कळलं नाही त्याच्याकडे अशा काही नजरेनं बघत की पोराला शाळेत आल्याचाच पश्चात्ताप व्हावा. सगळे त्यांना धुरीबाई म्हणत. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती, पण जगाबद्दलचं त्यांचं मत फार पूर्वीच पक्कं झालेलं होतं. लोक मठ्ठ असतात. आणि जे मठ्ठ नसतात ते आळशी असतात.

आळशांतही सगळ्यात खालच्या पायरीवर त्यांनी दिवसा झोपणाऱ्यांना बसवलं होतं. विज्ञानाचे श्यामकांत सर मधल्या सुट्टीत डबा संपवून टेबलावर डोकं टेकायचे. धुरीबाई मोठ्यानं विचारायच्या, "सर, उद्यापासून घरून उशी आणू का तुमच्यासाठी?" घरी नवरा काशीराम. भांडुपच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला, स्वभावानं गरीब, बोलणं अजून निम्मं मालवणी. दुपारी पेपर तोंडावर घेऊन हॉलमधल्या दिवाणावर पडायचा. रात्रीही तो तिथेच झोपायचा. कित्येक वर्षं झाली त्याला. "हॉलात वारो बरो लागता," म्हणायचा. वारा कसला, तिसऱ्या मजल्यावर समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत! टीव्ही बघायला मिळावा म्हणून हा उद्योग, हे बाईंनी ओळखलं होतं आणि त्या माणसाला मनातल्या मनात निकालात काढलं होतं.

सून श्वेता ऐरोलीच्या ऑफिसात शिफ्टवर जायची आणि उशिरा उठायची. तिच्याबद्दल तर न बोललेलंच बरं, असं म्हणून बाई तिच्याबद्दल पुष्कळ बोलत.

"मला मेलीला झोपच लागत नाही," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. त्यात तक्रार कमी आणि मिजास जास्त. जग लोळत पडलेलं असताना आपण एकट्या जाग्या आहोत, असा त्याचा अर्थ. सकाळी उठल्यावर डोकं मात्र दगडासारखं जड असायचं. जीभ टाळूला चिकटलेली. रात्री दोनतीनदा बाथरूमला उठावं लागायचं. बीपीची गोळी वाढली, तरी बीपी आपलं तिथेच. नाक्यावरचे फॅमिली डॉक्टर म्हणाले होते, "या वयात बायकांचं असंच असतं, धुरीबाई." आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. बाईंनी गोळ्या घेतल्या आणि डॉक्टरांनाही मठ्ठांच्या वर्गात बसवलं.

अशी ही बाई सहामाही परीक्षेत, भर वर्गात, झोपली.

नववीचा भूगोलाचा पेपर होता. धुरीबाईंचं सुपरव्हिजन म्हणजे मुलं शेजारच्याकडे बघणं सोडाच, खिडकीबाहेरही बघायची नाहीत. बाईंनी पेपर वाटले, वर्गात एक फेरी मारली आणि खुर्चीत टेकल्या. पुढचं त्यांना आठवत नाही. जाग आली ती हसण्याच्या आवाजानं. डोळे उघडले तर अख्खा वर्ग तोंडावर हात धरून हसतोय आणि दारात हेडमास्तर चंद्रप्रकाश सर उभे. बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, बाईंच्या मते नम्रपणाच्या जोरावर वर चढलेला माणूस. त्या नम्रपणानंच तो म्हणाला, "मॅडम, बरं वाटत नाहीये का? आवाज कॉरिडॉरपर्यंत येत होता."

"कसला आवाज?"

"म्हणजे... श्वासाचा."

"मी डोळे मिटून ऐकत होते," बाई म्हणाल्या. "कोण कुजबुजतंय ते कळावं म्हणून."

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. एरवी तेवढ्यावर त्या पोराची सात जन्मांची हजेरी घेतली गेली असती. त्या दिवशी बाईंना आवाज कुठून आला तेच कळलं नाही. दहावीच्या बोर्डाच्या सुपरव्हिजनच्या यादीत त्या वर्षी त्यांचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. स्टाफरूममध्ये श्यामकांत सरांनी उशीचा विषय काढला नाही, हे तर फारच झोंबलं. त्या माणसानं दया दाखवावी, म्हणजे काय!

परीक्षेच्याच महिन्यात चिक्की खाताना दाढेचा तुकडा पडला.

स्टेशनच्या अलीकडे एक नवा दातांचा दवाखाना उघडला होता. डेंटिस्ट म्हटलं की बाईंच्या तोंडावर एक विशिष्ट भाव यायचा. मेडिकलला नंबर लागला नाही की पोरं दाताकडे वळतात, असा त्यांचा ठाम समज. तरी दाढ ठणकत होती, तेव्हा गेल्या. काशीराम पिशवी सांभाळायला बरोबर. आत गेल्या तर डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठून उभा राहिला.

"धुरीबाई! मी देवेश. देवेश खानविलकर. नववी-दहावीला होतो तुमच्याकडे."

बाईंना आठवेना. त्यांच्या लक्षात पहिले येणारे राहत आणि पार बुडणारे राहत. मधल्यांची गर्दी त्यांनी कधी डोक्यात ठेवलीच नव्हती.

"किती पडले होते गणितात?"

"एकसष्ट."

"हं," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत आडव्या झाल्या. एकसष्टवाला आपल्या तोंडात हात घालणार!

देवेशनं दाढ बघितली. मग बाकीचे दात बघितले, जीभ बाहेर काढायला लावली, तोंड उघडून 'आ' करायला लावलं, बाजूनं हनुवटी बघितली. बराच वेळ बघत राहिला. बाईंना वाटलं, आता खोटेनाटे चार खड्डे दाखवून बिल वाढवणार.

"बाई, दाढेचं करू आपण. पण ती चिक्कीनं तुटलेली नाही. आधीच तडा होता. तुमचे सगळेच दात घासून सपाट झालेत. झोपेत दात खाता तुम्ही."

"मी दात खाते ते जागेपणी. आणि समोर कोण आहे ते बघून."

देवेश हसला नाही. "जिभेच्या दोन्ही कडांना दातांचे ठसे आहेत. तोंड कोरडं पडतं का? सकाळी डोकं दुखतं?"

बाई छताकडे बघू लागल्या.

"दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो?"

आता मात्र बाई उठून बसल्या. शाळेतली बातमी इथवर आली की काय! "हे बघ देवेश, दात दाखवायला आलेय मी. झोपेची चौकशी कशाला हवी तुला?"

"घसा झोपेत बंद होत असेल तर त्याच्या खुणा कधीकधी आधी तोंडातच दिसतात, बाई. म्हणून विचारतोय. नुसत्या खुणांवरून काही ठरत नाही, पण विचारायला हवं. तुम्ही घोरता, असं कुणी म्हटलंय का?"

बाईंना आधी हसू आलं आणि मग संताप. घोरणं म्हणजे पुरुषांचं काम. ढेरपोट्या, पान खाणाऱ्या, गंजीफ्रॉकातल्या पुरुषांचं. "माझं वजन बघ," त्या म्हणाल्या. "मी काय घोरणार? मला तर झोपच लागत नाही."

"घोरता ती."

कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेला काशीराम बोलला होता. बाईंनी वळून बघितलं. या माणसाला कुणी विचारलं होतं?

काशीराम बाईंकडे बघतच नव्हता. तो देवेशकडे बघून बोलत होता. "खूप वर्षां झाली, डॉक्टर. घोरता, घोरता, नि मधीच आवाज बंद. श्वासच बंद. मगे घुसमटल्यासारखी दचकता, नि परत घोरूक लागता. तिका काय एक ठावक नसता. मी हॉलात झोपतंय, पण आवाज बंद झालो की माका जाग येता. मी दाराकडे येवन उभो रवतंय. परत श्वास चालू झालो की जातंय."

"मग सांगितलं का नाही कधी?" देवेशनं विचारलं.

"कोणाक? हिका?" काशीराम म्हणाला. "माझो जीव घेतल्यान असतो."

बाईंना त्या क्षणी नवऱ्याविषयी जे वाटलं ते तिरस्कारापलीकडचं होतं. इतकी वर्षं दारात उभा राहून हा माणूस आपल्याला उघड्या तोंडानं पडलेलं बघत होता! त्यात दुसरंही काही होतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. दाढेत तात्पुरती भर घालून त्या घरी आल्या आणि आठवडाभर काशीरामाशी एक शब्द बोलल्या नाहीत. काशीराम दारात येऊन उभा राहायचा थांबला मात्र नाही.

देवेशनं घाटकोपरच्या एका झोपेच्या डॉक्टरांचं नाव दिलं होतं. "मी संशय घेऊ शकतो, बाई. आजार आहे की नाही ते मी ठरवू शकत नाही. ते डॉक्टर आणि टेस्ट ठरवणार." बाईंना त्यातलं 'ठरवू शकत नाही' एवढंच ऐकू आलं. म्हणजे याला कळत नाही. ठीक आहे. टेस्ट करायची, काही निघत नाही म्हटल्यावर तिचा रिपोर्ट नेऊन एकसष्टवाल्याच्या तोंडावर मारायचा आणि नवऱ्याच्याही. एवढ्या तिरमिरीत त्या घाटकोपरला गेल्या.

टेस्ट घरीच होती. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. ते सगळं बांधून बाई अंथरुणावर पडल्या आणि सकाळी नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "डोळ्याला डोळा लागला नाही."

घाटकोपरच्या डॉक्टर एक शांत, केस पिकलेल्या बाई होत्या. त्यांनी पट्टी धरून आलेख दाखवला. धुरीबाईंना आलेख वाचायला दुसऱ्याची गरज नव्हती. रेघ वर जात होती, सपाट होत होती, पुन्हा उसळत होती. सपाट, उसळी. सपाट, उसळी. तासाला वीसहून जास्त वेळा.

"या प्रत्येक सपाट जागी श्वास अडलाय," डॉक्टर म्हणाल्या. "झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, हवेची वाट बंद होते. अंगातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट जागं करतो. तुम्हाला आठवत नाही, पण शरीर रात्रभर हेच करत असतं. बीपी हटत नाही, डोकं दुखतं, दिवसा झोप येते, त्यामागे हे असू शकतं. आजार मध्यम प्रकारचा आहे."

"पण मी जाड नाहीये."

"नाही. तुमचा खालचा जबडा लहान आहे आणि थोडा मागे आहे. जागा मुळातच कमी. बायकांमध्ये हे सहज नजरेतून सुटतं. त्या थकवा सांगतात, झोप लागत नाही म्हणतात, आणि आम्ही वयावर ढकलतो."

बाईंना ताकदीच्या गोळ्या आठवल्या. तो नाक्यावरचा मठ्ठ! निदान त्याच्याविषयीचं आपलं मत तरी बरोबर निघालं, याचं त्यांना बारीकसं समाधान वाटलं.

आधी मशीन आलं. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं, नाकावर मास्क बसवून वापरायचं. डॉक्टर म्हणाल्या, सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. श्वेतानं मोबाइलवर बघून पट्टे नीट लावून दिले, आणि ती हसली नाही, हे बाईंनी मनात नोंदवलं. पण मास्क तोंडावर आला की बाईंचा जीव गुदमरायचा. मास्क बदलून बघितला, दाब कमी करून बघितला. बाई त्याला हत्तीची सोंड म्हणत आणि पहाटे ती सोंड कॉटखाली पडलेली असे. महिनाभर झगडून त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं, "हे मला जमणार नाही. आणि मी प्रयत्न केला नाही असं म्हणू नका."

"नाही म्हणत," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरा उपाय आहे. झोपताना दातांवर घालायचं उपकरण. खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतं. तुमच्यासारख्या केसमध्ये उपयोगी पडू शकतं. पण ते मी करत नाही. त्याचं शिक्षण घेतलेला डेंटिस्ट लागतो. तुम्हाला ज्यांनी पाठवलं ना, तेच करतात."

मेडिकलला नंबर न लागलेला! आणि आता मेडिकलवाली हात जोडून त्याच्याकडे पाठवतेय. परत जाताना रिक्षात बाई एवढंच बोलल्या, "एकसष्ट." काशीराम पिशवी घट्ट धरून बाहेर बघत राहिला.

देवेश पुन्हा उठून उभा राहिला.

"बस, बस," बाई म्हणाल्या. "काय ते कर."

त्यानं लगेच काही केलं नाही. आधी हिरड्या तपासल्या, दात किती घट्ट आहेत ते बघितलं, कानाजवळ जबड्याच्या सांध्यावर बोटं ठेवून तोंडाची उघडझाप करायला लावली. तुटलेल्या दाढेला कॅप बसवली. त्यानंतरच दातांची मापं घेतली. उपकरण आलं ते दोन पारदर्शक पट्ट्यांचं, एक वरच्या दातांवर, एक खालच्या, बाजूला बारीक स्क्रू.

"जबडा पुढे आला की जीभ बरोबर पुढे येते, बाई. मागची वाट मोकळी राहते. एकदम पुढे न्यायचा नाही, सांधा दुखेल. हळूहळू सरकवू."

पहिल्या आठवड्यात बाईंनी त्याला फोनवर झाडलं. लाळ गळते. सकाळी जबडा आखडतो. वरचे-खालचे दात एकमेकांवर बसत नाहीत, पोळी चावताना वाटतं की दुसऱ्याच कुणाचं तोंड लावलंय. देवेश शांतपणे ऐकायचा. त्यानं बोलावलं, कडा घासून दिल्या, सकाळी चावून धरायला एक छोटा ठोकळा दिला, म्हणजे जबडा मूळ जागी येईल. "हे सुरुवातीला होतं. पण दात कायमचे सरकत नाहीत ना, ते मी बघत राहणार. दर काही महिन्यांनी यायचं. येईनाशा होऊ नका."

"मी येईनाशी होणार? तू आहेस का इथे तेवढं बघ."

महिना-दीड महिन्यानं एका सकाळी बाई उठल्या आणि डोकं दुखत नव्हतं. आधी त्यांना चुकल्याचुकल्यासारखं का होतंय तेच कळेना. खिडकीत उभ्या राहिल्या. समोरच्या बिल्डिंगची भिंत होती तिथेच होती. चहा करायला गेल्या तर काशीराम दिवाणावर घोरत पडलेला, गाढ. किती वर्षांनी त्यांनी या माणसाला असं झोपलेलं बघितलं, कुणास ठाऊक. एरवी त्या उठायच्या तेव्हा तो नेहमी जागाच असायचा. त्याला उठवण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. चहा एकटीनंच घेतला.

त्या देवेशकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बरं वाटतंय. झालं तुझं काम."

"नाही झालं," देवेश म्हणाला. "तुम्हाला बरं वाटतंय एवढ्यानं भागत नाही. उपकरण तोंडात ठेवून पुन्हा टेस्ट करायची. श्वास खरंच अडायचा थांबलाय की नुसता आवाज थांबलाय, ते कळायला हवं. घोरणं थांबतं आणि आजार तसाच राहतो, असंही होतं."

बाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "म्हणजे ताळा करायचा."

"हो, बाई. ताळा."

"एकसष्ट कसे पडले रे तुला?"

"भूमिती राहिली होती," देवेश म्हणाला.

दुसऱ्या टेस्टमध्ये श्वास अडणं तासाला पाच-सहा वेळांवर आलं होतं. पार थांबलं नव्हतं. घाटकोपरच्या डॉक्टर म्हणाल्या, छान आहे, आणि बीपीची एक गोळी कमी करून बघू म्हणाल्या. देवेशनं स्क्रू अजून किंचित सरकवला.

झोप पुरी व्हायला लागल्यावर बाईंचा स्वभाव निवळेल, अशी श्वेताची भाबडी आशा होती. तसं काही झालं नाही. उलट आता त्या स्टाफ मीटिंगमध्ये शेवटपर्यंत टक्क जाग्या असत, त्यामुळे लोक किती मूर्खासारखं बोलतात ते पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येई. चंद्रप्रकाश सरांचं भाषण अथपासून इतिपर्यंत ऐकण्याचा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला आणि त्या घरी येऊन म्हणाल्या, "आधी झोपत होते तेच बरं होतं." काशीरामचं अंथरूण मात्र आतल्या खोलीत आलं. त्याला बोलावलं कुणी नव्हतं. एके दिवशी बाईंनी दिवाणावरची त्याची उशी उचलून आत टाकली आणि म्हणाल्या, "हॉलमध्ये पसारा नको मला." आभार वगैरे मानायची बाईंची पद्धत नव्हती. तो दारात उभा राहायचा त्याबद्दल त्या कधीच काही बोलल्या नाहीत.

पुढच्या मे महिन्यात नणंद द्वारका बोरिवलीहून राहायला आली. द्वारका जाडजूड, हसरी. तिला दातांवरच्या पट्ट्यांची गोष्ट कळल्यावर ती पोट धरून हसली.

"वहिनी, तोंडात लगाम? घोड्यासारखा?"

हसून झालं, जेवण झालं, आणि गप्पा मारता मारता भर दुपारी द्वारकाची मान खाली गेली. बोलता बोलताच. तोंड उघडं, आणि मग तो आवाज. बाई पोळ्यांचा डबा हातात घेऊन बघत राहिल्या. आवाज वाढला, वाढला, आणि बंद झाला. काशीराम पेपर बाजूला ठेवून उठून बसला. दोघंही थांबले. मग द्वारका घुसमटून दचकली आणि डोळे चोळत म्हणाली, "हल्ली झोपच लागत नाही गं वहिनी मला."

"तोंड उघड," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तोंड उघड म्हणते ना! जीभ बाहेर." बाईंनी मोबाइलचा टॉर्च लावला. द्वारका घाबरून 'आ' करून बसली. बाईंनी बराच वेळ आत बघितलं. दात दिसले, जीभ दिसली, मागे काहीतरी लालसर. त्याचा अर्थ काय, ते त्यांना काडीचंही कळेना.

त्यांनी टॉर्च बंद केला. "मला काय समजतंय यातलं! उद्या माझ्याबरोबर दाताच्या डॉक्टराकडे यायचं."

"माझे दात चांगले आहेत वहिनी!"

"तुझ्या दातांचं कुणाला पडलंय? गप्प यायचं," धुरीबाई म्हणाल्या. "आणि तो विचारेल त्याची खरी उत्तरं द्यायची. नखरे नकोत."